कुत्र्याचं वाक्य

मंगळवारी दहाला मी हॉलची किल्ली फिरवते.
हीटर आधी खोकतो, मग तापतो.
हेलेन्सबरा. बारा खुर्च्या, पोरांसाठी सतरंजी,
तिच्यावर मागल्या आठवड्याचं चुरा झालेलं बिस्किट.
खिडकीतून क्लाइड दिसते,
धुक्यात दिसत नाही. असते मात्र.

इथली माणसं पाण्याखाली जातात.
कुठे, ते बायकांना ठाऊक नसतं.
कधी येणार, तेही धड नाही.
आठवड्याला एकशेवीस शब्द खाली जातात,
वर काहीच येत नाही.

माझं काम साधं: चहा आणि मोजणी.
ग्रेअम पगारी माणूस, पण त्याचा गुडघा दुखतो,
म्हणून किटलीही माझ्याकडे.
ज्यांचं पेन अडतं त्यांच्या शेजारी बसते.
शोना चाळीस शब्द एकट्या वॉशिंग मशीनवर उधळते.
आय मिस यू, तीन शब्द.
करमत नाही, दोनच, मी मनात म्हणते,
उरलेल्या एकात
पोराचा दात बसला असता.

वाईट बातमी लिहायची नाही.
तळावर वाचतात, गाळतात.
जाण्याआधी प्रत्येकजण सही करून जातो:
कळवा, किंवा नका कळवू.
बहुतेक जण नका म्हणतात.
मागे फिरता येत नसेल
तर कळून करायचं काय.

आज टॅमसिन आली. ओला कोट अंगावरच.
सासरा गेला, गेल्या गुरुवारी, पलीकडे डनूनला.
इथे पेटी दोऱ्यांनी उतरवतात,
पहिली दोरी मुलाची.
ती तिने धरली.
हे सगळं तिने चहात साखर ढवळताना सांगितलं
आणि मग कागद ओढून लिहायला घेतलं:
मुलं मजेत. बटाट्यांना कोंब आले. मागचं टायर बदललं.
ब्रॅकन आता आपल्याकडेच झोपतो, जिन्याखाली.

ब्रॅकन कोण, मी विचारलं.
बाबांचा कुत्रा.

पेन्सिल माझ्या हातात होती.
मी ती टेबलावर ठेवली.
तिने ते वाक्य पुन्हा वाचलं,
ओठ हलवत, जणू तिकडे तोच वाचतोय,
आणि स्वतःच खोडलं.

मला आई गेल्याचं कळलं
तेव्हा तिचा तेरावाही उरकला होता.
पत्र ग्रीनॉकला पोचेपर्यंत मी मजेत होते,
पडद्यांचं कापड निवडत होते, पिवळं.
पुढे कितीदा वाटलं, ते दिवस
कुणीतरी माझ्याकडून काढून घ्यावेत.
कधी वाटलं, बरं झालं, तेवढे तरी मिळाले.
अजून ठरलेलं नाही.

टॅमसिनला यातलं काही सांगितलं नाही.
तिच्या इंग्रजीत आठ शब्द मोकळे झाले होते.
ते भरायला पाऊण तास लागला.
हवामान? तिथे हवामान नसतं.
प्रेम? ते दोनदा लिहून झालं होतं.
शेजारच्यांचं कुंपण? नको, तो चिडतो.
शेवटी सतरंजीवरून धाकटी हॅटी म्हणाली,
माझी शिट्टी लिही.

लिहिली.
हॅटीला शिट्टी येते आता, वाईट, पडलेल्या दाताच्या फटीतून.
आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. आठ.

आजोबांनी शिकवली, हॅटी म्हणाली.
ते कागदावर नाही.

मग तिने दोन बोटं तोंडात घातली
आणि गाल फुगवून वाजवली,
निम्मी हवा, निम्मी थुंकी.
बाहेर, पावसात उभ्या असलेल्या गाडीतून
कुणीतरी लगेच भुंकलं.

टॅमसिनने कोटाची बटणं लावली. चुकली, पुन्हा लावली.
ग्रेअमने आतून विचारलं, एकशेवीस?
मी म्हटलं, बरोबर एकशेवीस,
आणि कप विसळायला गेले.